खारघरच्या डोंगरात, घराच्या समोर

खारघरला राहायला येऊन सहा वर्षं झाली, पण समोरचा डोंगर आमच्यासाठी पावसाळ्यात गॅलरीतून फोटो काढण्यापुरताच. नोव्हेंबरातल्या एका रविवारी धाकट्या भावाचा मित्र म्हणाला, वर एक भुयार आहे, थेट पांडवकडा धबधब्याच्या मागे निघतं. पाहिलंय कुणी? कुणीच नाही. तेवढं आम्हाला पुरलं.

दुपारी दोनला निघालो. तिघांत दोन पाण्याच्या बाटल्या, एक चिवड्याचं पाकीट आणि टॉर्च म्हणून मोबाईल.

चाफेवाडीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला. कमरेएवढं वाळलेलं गवत आणि कुसळं मोज्यांत. तासाभराने ‘भुयार’ सापडलं: कोसळलेल्या धोंड्यांमधली एक सांद. आत ओणवं होऊन, मग चक्क पोटावर सरपटत गेलो. वटवाघळांचा तो आंबूस वास नाकात बसला. भावाच्या तळहाताला काहीतरी टोचलं. उजेडात धरलं तर साळिंदराचा काटा, काळा-पांढरा, वीतभर लांब. मित्राची बडबड तिथे थांबली. वळायला जागा नव्हती, म्हणून पुढे उजेड दिसला तिकडून बाहेर पडलो. घोळ झाला तो इथे. शिरलो एका तोंडातून, निघालो दुसऱ्या, आणि बाहेर तेच गवत, तेच धोंडे. आपली वाट मात्र नाही.

आपल्याकडचा दगड बसाल्ट. चुनखडीसारखा तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे मेघालयात आहेत तशी लांबच लांब भुयारं इथे होत नाहीत. लाव्हाच्या दोन थरांमधला लाल मातीचा मऊ पट्टा झिजला की कपार होते, नाहीतर दरडींच्या सांदी. हे सगळं मी घरी परत आल्यावर वाचलं.

मी मोठा, म्हणून अक्कल माझी चालली: ओढ्याने उतरू, पाणी खालीच जातं. कोरडा ओढा, सोपी उतरण, दोन टप्पे बसून घसरत पार केले. तिसऱ्या टप्प्याला ओढा संपला आणि कडा सुरू झाला. वर चढावं तर मागचा टप्पा गुळगुळीत, पकड नाही. सहाला सूर्य बुडाला. खाली गोल्फ कोर्स, मेट्रोचा पूल, आणि आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचा पाण्याच्या टाकीजवळचा दिवा. फोनला रेंज पूर्ण. आईचा मेसेज आला, ‘येताना कोथिंबीर आण.’

११२ ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. बॅटरी वाचवा, जागचे हलू नका, म्हणाल्या.

साडेआठला वरून बॅटरीचा झोत आला. फणसवाडीतले एक मामा, पायांत स्लीपर, खांद्यावर दोर, सोबत त्यांचा मुलगा. झाडाला दोर बांधून एकेकाला वर ओढलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “पाण्याच्या मागं कशाला आलात? पाणी उडी मारतं. तुम्हाला येते का?”

वाटेत भुयाराचं विचारलं. “भुयार नाय ते. साळूचं घर हाय.”

खाली पोलिसांची गाडी उभी होती. हवालदारांनी वही काढून नावं लिहिली.

“राहता कुठे?”

मी समोर बोट दाखवलं. तिसरा मजला, लाईट चालू होता. त्यांनी एकदा बिल्डिंगकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि पेनाचं टोपण लावलं.