वडिलांच्या रक्तातील पाच रीड्स

आमच्या प्रयोगशाळेत बालरुग्णाच्या एक्झोमबरोबर (डीएनएतील प्रथिने घडवणाऱ्या भागांबरोबर) शक्यतो आई-वडिलांचेही एक्झोम वाचले जातात. एकट्या मुलाच्या एक्झोममध्ये संदर्भ जनुकसंचाहून वेगळ्या अशा हजारो जागा निघतात. त्यांपैकी जवळजवळ सर्व आई-वडिलांकडून आलेल्या असतात, आणि त्या वजा केल्या की खरोखर नव्याने उद्भवलेला बदल सरासरी एखादाच उरतो.

त्या दिवशी माझ्यासमोर दीड वर्षाच्या एका मुलाची केस होती. सहाव्या महिन्यापासून त्याला तापात लांबलेल्या आकड्या येत होत्या, आणि एकदा तर गरम पाण्याने आंघोळ घालतानाच आकडी आली होती. लक्षणे ड्राव्हे सिंड्रोम या बालपणीच सुरू होणाऱ्या गंभीर अपस्माराची होती आणि सॉफ्टवेअरनेही एससीएन१ए या जनुकात प्रथिन अर्ध्यावर तोडणारा बदल दाखवला होता. आई-वडील दोघांच्या रकान्यात ०/० होते, म्हणजे दोघांतही बदल नाही आणि मुलातला बदल ‘डी नोव्हो’, नव्याने उद्भवलेला. अशा कुटुंबात पुढच्या अपत्याला धोका साधारण एक टक्का असल्याचे वाक्य रिपोर्टमध्ये टाकूनही झाले होते, आणि त्या दांपत्याला दुसऱ्या अपत्याचा विचार करायचा असल्यामुळे ते याच वाक्याची वाट पाहत होते.

सहीपूर्वी मी तिघांचे रीड्स, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे, आयजीव्ही या ते पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यांनी पाहते. मुलाच्या पट्ट्यात निम्म्या रीड्सवर बदललेले अक्षर, लाल ‘टी’, होते, तर आईचा पट्टा पूर्ण राखाडी, म्हणजे बदल नसलेला, होता. वडिलांच्या ९१ रीड्समध्ये मात्र पाच लाल ठिपके होते.

सॉफ्टवेअर चुकले होते असे मी म्हणणार नाही. कौटुंबिक विश्लेषणात प्रत्येक व्यक्तीपुढे तीनच पर्याय असतात: बदल नाही, जनुकाच्या दोन प्रतींपैकी एका प्रतीत आहे किंवा दोन्ही प्रतींत आहे. एका प्रतीत असता तर ९१ पैकी पंचेचाळीसच्या आसपास रीड्स दिसायला हवे होते. पाच दिसणे या हिशेबात इतके असंभाव्य ठरते की त्यापेक्षा वाचनातील चूक आणि मुलात नवा बदल, ही जोडी गणिताला अधिक पटते.

पहिला संशय अर्थातच भेसळीचा होता. मुलाचा डीएनए वडिलांच्या नळीत किंचित मिसळला असता तर मुलाला आईकडून मिळालेले बदलही वडिलांच्या रीड्समध्ये तेवढ्याच प्रमाणात डोकावले असते. मी अशा चाळीस जागा तपासल्या, पण एकाही ठिकाणी तसे आढळले नाही.

मग कर्करोगाच्या कामासाठी आम्ही वापरतो ते म्यूटेक्ट२ हे सॉफ्टवेअर मी घेतले. गाठीच्या नमुन्यात निरोगी पेशी मिसळलेल्या असतात आणि गाठीतल्याही सर्व पेशी सारख्या नसतात, म्हणून ते निम्म्या प्रमाणाची अट न घालता पाच टक्क्यांचा बदलही गंभीरपणे तोलते. निरोगी वडिलांचा नमुना ‘ट्यूमर’ म्हणून नोंदवताना हात जरा अडखळला. पण बदल त्यात स्वच्छ उमटला. रिपोर्ट थांबवून मी नव्याने रक्त मागवले आणि तेवढ्याच भागाचे हजारो रीड्स वाचून घेतले, तेव्हा प्रमाण सहा टक्के आले. बदल एकाच प्रतीत असल्याने रक्तातील सुमारे बारा टक्के पेशींत तो होता, म्हणजे वडील मोझेक होते: काही पेशींत बदल, बाकीच्यांत नाही.

समुपदेशक ताईंनी कुटुंबाला पुन्हा बोलावले, तेव्हा सोबत आजीही आल्या होत्या. ‘‘ह्याला पण लहानपणी तापात दोनदा आकडी आली होती, पण तेव्हा कोण तपासण्या करत होतं?’’ असे त्या सहज बोलून गेल्या. आमच्या फॉर्मवर वडिलांच्या पूर्वेतिहासासमोर ‘काही नाही’ असे लिहिलेले होते.

रिपोर्टमधील एक टक्क्याचे वाक्य मी काढले. रक्तातील प्रमाणावरून शुक्रपेशींतील प्रमाण काढता येत नाही, म्हणून त्याजागी दुसरा आकडा घातला नाही. धोका नेहमीपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त असू शकतो, शुक्रपेशींची तपासणी शक्य आहे आणि गर्भधारणेनंतर प्रसूतिपूर्व निदानाचा मार्ग उपलब्ध आहे, एवढेच नोंदवले.

आता आमच्या पाइपलाइनमध्ये माझी एक छोटी स्क्रिप्ट आहे. डी नोव्हो ठरलेल्या प्रत्येक जागी ती आई-वडिलांचे बदल दाखवणारे रीड्स मोजते आणि दोनपेक्षा जास्त निघाले की रिपोर्ट अडवते. बहुतेक वेळा वाचनातील चूकच निघते आणि माझा अर्धा तास जातो, त्यामुळे सहकारी कुरकुर करतात. पण ती मर्यादा मी अजून वाढवलेली नाही.