सोनचाफा आला

रविवार, आर्द्रा

मृग जवळजवळ कोरडाच गेला. काल रात्री मात्र दणकून सर पडली आणि सकाळी चहा घेऊन होताच मी नर्सरी गाठली. आमच्या नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत नवं रोप आणणं म्हणजे त्याचा छळ. हिरव्या जाळीखालीसुद्धा कोवळी पानं करपतात. म्हणून उन्हाळाभर नुसती यादी करायची आणि पाऊस पडला की धावायचं.

सोनचाफा आणला. कलमी. बियांपासून वाढवलेला चाफा फुलायला सात-आठ वर्षं सहज घेतो आणि तेवढा धीर आता माझ्यात नाही. कलम वर्ष-दोन वर्षांत फुलतं.

ह्यांनी विचारलं, "कितीला पडलं?" झाडवाली माणसं किंमत सगळ्यात शेवटी विचारतात. समोरच्या काकू आल्या त्या थेट वाकल्या आणि कलमाचा जोड पाहू लागल्या. "जोडाच्या खालून फुटवा आला तं लगेच खुडजो बरं, नाही तं खालचंच झाड माजते." तेवढ्यात मागच्या गल्लीतले सर आले. ते रिटायर झाले तरी कुंडीसमोर उभे राहिले की वर्ग घेतातच. आजचा विषय माती.

आपली काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र वैरीण. ओली झाली की फुगते, पाणी धरून बसते, मुळं कुजतात; वाळली की तडे जातात आणि घातलेलं पाणी कडेकडेनं खाली निघून जातं. सर म्हणतात, अर्धी रेती घाला, तीही कन्हान नदीची. काकूंचं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या मुलखातलं, त्यामुळे त्यांना तूसच हवं. बराच वेळ दोघं माझ्या अंगणात माझ्या कुंडीसाठी भांडले. मला काय मजा येत होती! शेवटी दोन्ही थोडं थोडं घातलं, वर भरपूर शेणखत. दोघंही नाराज.

काकू जाताना ब्रह्मकमळाचं पान घेऊन गेल्या. फांदी मागितली की "तुमच्याकडे जगणार नाही" म्हणणारे लोकही आहेत, त्यांच्याविषयी न लिहिलेलंच बरं. मी देते, आणि त्यात माझा स्वार्थच आहे. मागच्या उन्हाळ्यात माझं कृष्णकमळ बुडापासून वाळलं. पण त्याचीच फांदी काकूंच्या कंपाउंडवर चढून पार गेटपर्यंत पोचली होती. पावसात त्यांनी तिची छाटी आणून दिली आणि आज माझ्या जाळीवर पुन्हा त्याच्या फुलांतले कौरव-पांडव नांदताहेत. वाटलेलं झाड दुसऱ्या अंगणात शिल्लक राहतं. बँकेतल्या ठेवीपेक्षा मला त्याचा भरवसा जास्त.

(मनीप्लांट तेवढा मागायचा नाही, चोरून लावला तरच वाढतो म्हणतात. आमच्या गल्लीत तो प्रत्येक दारात इतका फोफावलाय की चोर कोण हे विचारायची सोय नाही.)

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वहिनी मुलीला घेऊन आल्या. मुलगी चाफ्याभोवती फिरून म्हणाली, "यात फूल कुठंय?" आम्ही तिघी-चौघी हसलो, पण तिचं खरंच होतं. सगळे जमून कौतुक कशाचं करत होतो, तर पाच-सहा पानांच्या काडीचं. वहिनींनी तरी पानं उलटून मागे कीड आहे का ते पाहिलंच. नव्हती. मग त्यांनी त्यांच्या शेवंतीची पिल्लं देते म्हणून कबूल केलं, आताच लावली की दिवाळीपर्यंत कळ्या धरतात.

रात्री सरांचा फोन. काटोलला त्यांच्या भाच्याची बाग आहे, तो पुढच्या आठवड्यात येतोय. जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेलं संत्र्याचं एक कलम जास्तीचं आहे, गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये लावाल का म्हणाले. ड्रममधलं संत्रं किती गोड निघेल याची मला शंकाच आहे. आणि ह्यांना अजून चाफ्याचीच किंमत पचलेली नाही.

आणाच म्हटलं.