वेळ लिहिणारी बाई

मागच्या महिन्यात सांगलीला गेले होते तेव्हा मावसभावाने विचारलं, तुमच्याकडे ट्रॉमा, म्हणजे गंभीर जखमी पेशंट, ते सगळे गोळ्या लागलेलेच येतात ना? त्याने बघितलेल्या सिरीज अमेरिकेतल्या, मी नर्स इंग्लंडमध्ये. आमच्याकडे गोळीवाला पेशंट क्वचितच. चाकूवाले येतात, मोटरसायकलवाले येतात, पण इथल्या ट्रॉमा रजिस्टरचा 2017 चा रिपोर्ट आला त्यातसुद्धा हेच होतं की म्हाताऱ्या माणसांच्या गंभीर दुखापतींचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे दोन मीटरपेक्षा कमी उंचीवरून पडणं. म्हणजे जिना, बाथरूम, नाहीतर नुसतंच उभ्याउभ्या. भाऊ जरा हिरमुसलाच.

मी मिडलँड्समधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्स आहे. ट्रॉमा कॉल आला की बरेचदा माझ्याकडे स्क्राइबचं काम असतं, म्हणजे एका मोठ्या कागदावर सगळं वेळेसकट लिहून काढायचं. सुरुवातीला मला फार राग यायचा, की मिरजेला सात वर्षं कॅज्युअल्टी काढली, अंधारात शीर सापडते मला, आणि इथं येऊन कारकुनी करायची होय?

तर होतं असं. अ‍ॅम्ब्युलन्सवाले वाटेतूनच लाल फोनवर कळवतात, सगळ्यांचे ब्लीप, म्हणजे पेजर, वाजतात आणि पेशंट यायच्या आधी टीम रिससमध्ये, म्हणजे अगदी गंभीर पेशंटच्या खोलीत, जमते. भूलवाले, त्यांचे मदतनीस, सर्जन, हाडवाले, एक्सरेवाली, आम्ही दोन-तीन नर्स. आपापलं नाव आणि काम लिहिलेला स्टिकर छातीवर चिकटवायचा. टीम लीडर पायाकडच्या बाजूला हात मागे बांधून उभा राहतो, पेशंटला शक्यतो हातच लावत नाही, कारण एकदा का तो टाके घालत बसला की बाकीचं कोण बघणार. मला हे पहिल्यांदा फारच विचित्र वाटलेलं, आपल्याकडे सगळ्यात मोठे डॉक्टर सगळ्यात पुढे घुसतात.

मग पेशंट येतो आणि सगळे गप्प. छातीवर दाब चालू असेल किंवा रक्ताची धार लागली असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर पॅरामेडिक अर्धा-एक मिनिट बोलतो आणि कोणी हात लावत नाही. वय, किती वाजता लागलं, कसं लागलं, काय काय लागलंय, नाडी-बीपी, काय दिलं. क्रम ठरलेला. त्यानंतर एकदम दहा हात कामाला लागतात, एकीकडे कात्रीने कपडे कापताहेत, एकीकडे सुई, एकीकडे कमरेला बाइंडर म्हणजे घट्ट पट्टा, एकीकडे गरम हवेचं पांघरूण, कारण अंग गार पडलं की रक्त गोठत नाही. आधी वाहतं रक्त थांबवायचं, मग श्वासाची वाट, मग श्वास, हा क्रम लढाईच्या मैदानावरून आलाय.

आता त्या सकाळचं सांगते. सहा चाळीसला ब्याऐंशी वर्षांच्या आजी आल्या. जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्यांवरून पडलेल्या. बीपी 104, तरुणाला चालून जाईल पण या वयात ते कमीच धरायचं, खुब्याकडे प्रचंड दुखत होतं. पॅरामेडिकने सांगितलं की पाच पन्नासला शेजाऱ्यांनी बघितलं, कधी पडल्या माहीत नाही. मी नाइटच्या शेवटाला होते, मी आपलं दुखापतीच्या वेळेच्या चौकोनात 5.50 लिहून मोकळी.

थोड्या वेळाने लीडर म्हणाली ट्रॅनेक्सॅमिक द्यायचं का बघू, दुखापत किती वाजता? मी म्हटलं पाच पन्नास.

रक्तस्राव कमी करणारं हे औषध तुम्हाला माहीत असेल, पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर आपल्याकडे गोळी देतात तेच. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्याने बाळंतपणातला रक्तस्राव डोळ्यांसमोर ठेवून शोधलेलं. अपघातात ते चालतं हे 2010 मध्ये क्रॅश-2 नावाच्या अभ्यासातून कळलं, 40 देशांतले 20 हजारांहून जास्त पेशंट, त्यात भारतातलेसुद्धा. स्वस्त औषध, जीव वाचवतं. पण लागल्यापासून तीन तासांच्या आत. उशीर झाला तर फायदा तर नाहीच, उलट रक्तस्रावाने मरण्याचा धोका वाढल्याचं त्याच अभ्यासात दिसलं.

मैत्रीण सिरिंज भरत होती. तेवढ्यात आजी, डोक्याला दोन्हीकडून ठोकळे लावलेले, नजर छताकडे, म्हणाल्या, "नाही गं पोरी, दहाच्या बातम्या संपल्या आणि मी टीव्ही बंद करून वर जायला निघाले होते."

दहाच्या बातम्या. म्हणजे रात्री साडेदहा. म्हणजे सात तासांहून जास्त ती बाई गार फरशीवर पडून होती आणि मी माझ्या सुंदर अक्षरात एक तास लिहिला होता.

लीडरने सिरिंज बाजूला ठेवायला सांगितली, स्कॅनला फोन केला, रक्त मागवलं. जमिनीवर एवढा वेळ पडलेल्या माणसाचे स्नायू दबून किडनीवर ताण येतो, म्हणून त्या तपासण्या वाढवल्या. मला कोणी काही बोललं नाही. मी 5.50 वर एक रेघ मारली, खोडायचं नसतं, एकच रेघ आणि शेजारी सही, वर लिहिलं 22.30, पेशंटने सांगितलं. हात थरथरत होता, सही माझी वाटतच नाही त्या कागदावर.

स्कॅनमध्ये ओटीपोटाचं हाड आणि दोन बरगड्या मोडलेल्या निघाल्या. तीन दिवसांनी वॉर्डात जाऊन बघून आले, आजी जेलीवरून सिस्टरशी भांडत होत्या. (इथं सिस्टर म्हणजे वॉर्डची हेड, मला कोणी सिस्टर म्हणत नाही.)

त्या दिवशी घरी येऊन झोपायच्या आधी आईला फोन लावला. एक्काहत्तर वर्षांची, एकटी, रात्री दोनदा उठते. म्हटलं आई, बाथरूमच्या दारातलं ते पायपुसणं उचल बघू आधी, आणि मोबाईल उशाशी ठेव.

"मोबाईल ठेवीन," आई म्हणाली, "पण पाय कुठं पुसू, तुझ्या डोक्याला?"