अर्धवट पाहिलेलं

नागपंचमीच्या रात्री लाईट गेली, आली, परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा फोंड्यातल्या आमच्या घरचा जेलीफिन उठलाच नाही. जेलीफिन म्हणजे घरचा मीडिया सर्व्हर, साठवलेले व्हिडिओ घरात दाखवणारा. माझा जुना लॅपटॉप, फडताळात ठेवलेला. बाबांनी कॅमेऱ्यावर घेतलेली जत्रेतली नाटकं, चवथीच्या घुमट आरत्या, सगळं त्यात. त्याच्या नोंदींत (लॉगमध्ये) एकच रड: डेटाबेस मालफॉर्म्ड, म्हणजे बिघडलेला.

"नाटकं गेली रे?" आईने विचारलं.

नाटकं कुठे जातात! ती वेगळ्या हार्ड डिस्कवर मजेत होती. गेली होती ती वही. कुणी काय पाहिलं, कुठे थांबवलं, हे एका एसक्यूलाइट फाइलीत, म्हणजे छोट्या डेटाबेसमध्ये, लिहिलेलं असतं आणि लिहिता लिहिता लाईट गेली की कधी नेमकं तेच पान फाटतं. सिनेमांची पोस्टरं नेटवरून परत येतात. आईला दुसऱ्या अंकात कुठे डुलकी लागली, हे नेटला कुठून ठाऊक?

बॅकअप दोन होते. जुलैतला मी सर्व्हर चालू असतानाच घाईत कॉपी केलेला; तोही फाटकाच निघाला. (आधी सर्व्हर बंद करायचा, हे इतरांना मीच सांगत असतो.) दुसरा मे महिन्यातला, म्हापशाला बहिणीच्या कपाटात. एक प्रत घराबाहेर हवी, असं जाणकार सांगतात. आमच्या तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवर चढून पृथ्वीबाहेर गेली. माझी मजल म्हापशापर्यंत.

प्रत आणली. जुन्या डेटाबेसला जेलीफिनची जुनी आवृत्ती बरी, म्हणून तीच घातली, फोल्डर जागेवर टाकला. तरी ढिम्म! अर्ध्या तासाने कळलं, फोल्डरची मालकी रूटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य खात्याच्या, नावावर राहिली होती आणि जेलीफिनला स्वतःच्याच घरात शिरता येईना. गोव्यात अशी घरं वर्षानुवर्षं 'इन्व्हेंटरी'त, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या खटल्यात, अडकतात. इथे मालकी बदलणाऱ्या एका 'चाऊन' कमांडवर भागलं.

सर्व्हर उठला, पण मे महिन्यात. बाहेर चवथीच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) सामानाच्या गोष्टी आणि ह्याच्या लेखी अजून आंबे चालू. आईने जुलैत संपवलेलं नाटक परत बेचाळिसाव्या मिनिटाला थांबलेलं. मी 'पाहिलं'ची खूण करायला गेलो.

"राहू दे ते," आई म्हणाली. "तिथून पुढचं माझं झोपेतच गेलेलं."