पन्नासातला सतरावा पीस

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं मशीन शॉप आहे. काम मुख्यतः स्विचगिअरवाल्यांचं, म्हणजे वीज चालू-बंद करणारी उपकरणं बनवणाऱ्यांचं, तांब्या-पितळेचे कॉन्टॅक्ट, टर्मिनल, पिना असलं. बडोद्यात ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरचे कारखाने भरपूर, त्यामुळे या कामाला तोटा नाही. पण मागच्या लग्नसराईत एक वेगळीच केस टेबलावर आली आणि ती अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा, मँचेस्टरला नोकरी करतो, बहिणीच्या लग्नाला आला होता. दुपारी शॉपवर आला आणि मखमलीच्या पाऊचमधून एक जाड नळी काढून म्हणाला, काका याचे आटे खराब झालेत, बघता का जरा. ते व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, यंत्र होतं, मेकॅनिकल मॉड म्हणतात त्याला. आधी मी त्याला चांगलाच झापला, कारण २०१९ च्या कायद्यानं आपल्याकडे ई-सिगारेट बनवणं, विकणं, बाहेरून आणणं, साठवणं सगळंच बंद आहे, पहिल्याच वेळी विकताना किंवा आणताना पकडलं गेलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा बॅगेत टाकून घेऊन आलाय. रिपेअर करणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. पण हातात घेतल्यावर राहवेना, कारण ही वस्तू म्हणजे दुसरंतिसरं काही नसून एक स्विच आहे. आत १८६५० चा लिथियम सेल, म्हणजे १८ मिमी जाड ६५ मिमी लांब, खाली बटण, वर ॲटोमायझर, म्हणजे कॉइलच्या तारेनं लिक्विड तापवून वाफ करणारा भाग. सर्किट नाही, फ्यूज नाही, कटऑफ नाही. बटण दाबलं की सेलचा सगळा करंट कॉइलमधून. फुल चार्ज सेल ४.२ व्होल्ट, कॉइल ०.२ ओहमची असली तर सरळ २१ अँपिअर, आणि बरेचसे चांगले सेलसुद्धा २०-२५ अँपिअरपर्यंतच झेपणारे.

पितळेची बॉडी, वर हातानं केलेलं कोरीव काम, त्याच्यावर चकचकीत लॅकर, आणि तळाला १७/५० असा नंबर. जगात पन्नासच पीस आहेत काका, फिलिपिन्सच्या एका कारागिरानं केलेत, असं तो सांगत होता. त्या मुलानं तो पाचशे पौंडाला घेतला आणि आता सातशेला मागणी आहे. सोबत रोजच्या वापराचा एक होता, चायनीज कॉपी, तीस पौंडाची, तांब्याची. तिच्याबद्दल बोलताना त्याचा आवाजच वेगळा, ते आपलं असंच आहे काका, त्याला टेस्ट नाही. मी विचारलं ॲटोमायझर दोन्हीवर तोच लावतोस ना, कॉइल तीच, लिक्विड तेच? हो म्हणाला. मग टेस्ट नळीतून येते का रे? तरी तो ठाम, महागड्यावर चव वेगळी लागते म्हणजे लागतेच.

तो खोटं बोलत नव्हता. २००८ साली अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या लोकांचा एक प्रयोग छापून आला होता, एकच वाईन एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली, तर ९० म्हटल्यावर लोकांना ती जास्त आवडली आणि स्कॅनमध्ये मेंदूचा मजा वाटण्याशी संबंधित भागही जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे माणसाला खरंच तसं लागतं. पण कॉन्टॅक्टला किंमत कळत नाही, त्याला फक्त मिलीओहम कळतात, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जितका कमी तितका चांगला, आणि मिलीओहम मोजायचं मीटर आमच्याकडे रोजच्या कामाला असतंच.

जेवणाच्या सुट्टीत तांब्याच्या रॉडचा एक डमी सेल लेथवर टर्न केला, वरून हीटश्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी, चढवली म्हणजे कड बॉडीला लागू नये, दोन्ही टोकं सपाट करून एमरी पेपरनं साफ केली. डमी आत, बटण दाबून धरायला छोटा क्लॅम्प, एक क्लिप वरच्या पिनवर आणि दुसरी बॉडीच्या वरच्या आट्यावर, १० अँपिअर सोडले. चायनीज कॉपी, तीन मिलीओहम. नंबरवाला, नऊ. पुन्हा साफ करून लावला, तरी नऊच्या आसपासच. २० अँपिअरला नऊ मिलीओहम म्हणजे साडेतीन वॉटच्या वर उष्णता, आणि ती सगळी नळीभर पसरत नाही, बटणाच्या टाचणीएवढ्या टोकावर आणि आट्यात बसते. आमचे टर्नर काका डोळ्याला लूप, म्हणजे छोटं भिंग, लावून आत बघत होते, त्यांनी मला बोलावलं. बाहेरून आरशासारखी पॉलिश आणि आत आट्यावर टूल थरथरल्याच्या रेघा, शेंड्यांवर बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची धारदार कड, तसाच सोडलेला, आणि बाहेरचं लॅकर आट्यात उतरलेलं. आटे खराब वाटत होते ते त्यामुळेच.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढं दिसली. नळीला कुठंही गॅस बाहेर पडायला भोक नव्हतं. लिथियम सेल आतून शॉर्ट झाला किंवा फार तापला तर तो गॅस सोडतो, बंद नळीत त्या गॅसला वाट नसली की नळीचाच बॉम्ब होतो. अमेरिकेत २०१८ आणि २०१९ मध्ये असे व्हेप फुटून माणसं गेलीत. तीस पौंडाच्या कॉपीला तळाशी दोन भोकं होती, साधी, ड्रिलनं मारलेली. मी विचारलं याला का नाही? तर म्हणे कोरीव काम बिघडतं.

तिथं मला खरा राग आला. मुलावर नाही, या सगळ्या किमतीच्या खेळावर. कारण बघा, हजारो पीस निघतात तिथं खराब माल परत येतो, शिव्या पडतात, पुढच्या लॉटमध्ये भोक मारलं जातं. पन्नास पीसमध्ये प्रोसेस सेटच होत नाही, आम्हाला माहितीये, नवीन जॉबचे पहिले पीस भंगारात जातात ते उगाच नाही. वर हे पन्नास पीस कपाटात बसतात, कोणी रगडून वापरत नाही, आणि ज्याला दोष दिसतो तो बोलत नाही, कारण बोलला तर आपल्याच पीसचा भाव पडणार! म्हणजे दुर्मिळ असल्यामुळेच दोष लपून राहतो आणि दोष न दिसल्यामुळे भाव चढतो.

महाग म्हणजे लुबाडणूक असंही मी म्हणत नाही. आमच्याकडे मितुतोयो या जपानी कंपनीचा मायक्रोमीटर आहे, लोकल मालाच्या कितीतरी पट किंमत दिली, पण तो स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर, लावला की वर्षानुवर्षं तेच माप दाखवतो, तुम्ही माझ्यासमोर बसून तपासू शकता. या नळीच्या सातशे पौंडात तपासण्यासारखं काय होतं, तर कोरलेला नंबर.

मी त्याच्यासमोर दोन्ही आकडे कागदावर लिहून दिले. तो बराच वेळ कागद बघत बसला, मग विचारलं, काका आता हा विकू का? म्हणलं तुझा तू ठरव, पण घेणाऱ्याला हा कागद दाखव. सेल मात्र परत घालू नकोस, त्याचं रॅपर वरच्या कडेला फाटलंय, पॉझिटिव्हशेजारीच निगेटिव्ह कड उघडी पडलीये, दोन्हींना एकदम धातू लागला तर डायरेक्ट शॉर्ट. सेलच्या दोन्ही टोकांना टेप मारून दिली. निकोटिन सोडायचंही बोललो, त्यावर मान हलवली फक्त.

मँचेस्टरला गेल्यावर त्याचा फोन आला. नंबरवाल्यांच्या ग्रुपमध्ये त्यानं रीडिंग आणि भोकाचा प्रश्न टाकला होता, दोन-तीन जणांनी आत बघून आपलंही तसंच आहे म्हणून कबूल केलं, बाकीचे त्याच्यावर तुटून पडले की तू मार्केट खराब करतोयस. सातशेवाल्या गिऱ्हाइकानं माघार घेतली. मला म्हणाला काका रीडिंग नेमकं कसं घेतलं ते नीट लिहून पाठवा, अजून चौघांनी मागितलंय. डमी सेलचं ड्रॉइंग मापांसकट त्याच रात्री पाठवलं.