कृमी दमला की सरावला?

आमच्या लॅबमध्ये नवीन कुणी आलं की आधी त्याच्या हाती कृमींची प्लेट देतो. सी. एलिगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक कृमी. पेट्री डिशमधल्या अगारच्या जेलीवर ई. कोलाय जिवाणूंचा पातळ थर असतो. तो खात, मागे नागमोडी रेघ उमटवत स्वारी हिंडत असते. डिशच्या कडेवर यंत्राने टिचकी मारली की कृमी थबकतो आणि झटकन मागे सरकतो. पुन्हा टिचकी, पुन्हा माघार, पण जरा कमी. दर 10 सेकंदांनी टिचक्या देत राहिलं, की तीसेक टिचक्यांनंतर बरेचसे नुसते कचरतात. काही तर ढिम्म हलत नाहीत.

याला आम्ही शिकणं म्हणतो: टिचकीला दाद द्यायची गरज नाही, याला कृमी सरावला. भौतिकशास्त्र शिकून आमच्याकडे आलेल्या मुलाला ते काही केल्या पटेना. "मॅडम, शिकला कशावरून? दमला असेल बिचारा."

शंका रास्त होती. थकवा आणि सराव वरवर सारखेच दिसतात. मी त्याला टिचक्या थांबवून नुसतं बघत राहायला सांगितलं. टिचकीला दाद न देणारा तोच कृमी थोड्या वेळाने आपणहून मागे गेला, वळला आणि चालू लागला. म्हणजे मागे जायचे स्नायू शाबूत होते. मग अगारमधून विजेचा छोटा धक्का दिला. त्यानंतरच्या टिचकीला कृमी पुन्हा चांगला लांबवर मागे गेला. कॅथरीन रँकिन या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये हे दाखवून दिलं होतं. दमलेल्याला धक्का दिल्याने ताकद कुठून येणार?

"धक्का दिलात तर दमलेला माणूसही उडेलच की!" हा गडी काही हटेना. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. पहिल्याच पुराव्यावर मान डोलावणारे विद्यार्थी पुढे फार त्रास देतात.

शेवटी म्हटलं, तूच भाकीत लिही. कृमींचे दोन गट करायचे. एकाला दर 10 सेकंदांनी टिचकी, दुसऱ्याला दर 60 सेकंदांनी. मग विश्रांती देऊन कोण आधी सावरतं ते बघायचं. त्याने फळ्यावर लिहिलं: दहावाले जास्त दमतील, म्हणून उशिरा सावरतील. थकव्याचं गणित खरं असेल तर हेच व्हायला हवं.

टिचक्या संपल्यावर बाकीचा दिवस व्हिडिओ थांबवून थांबवून माघारीची लांबी मोजण्यात गेला. कंटाळवाणं काम. दहावाले भराभर ढेपाळले होते, ते अपेक्षितच. साठवाल्यांची माघार हळूहळू आणि कमीच घटली होती. पण विश्रांतीनंतर आधी सावरले ते दहावाले! साठवाल्यांवरचा परिणाम चिकटून राहिला होता. त्याने आकडे पुन्हा काढले, मग गटांची लेबलं अदलाबदल झाली नाहीत ना, तेही तपासलं. ठीक होती. हा प्रयोगही रँकिन यांच्याच गटाने पूर्वी केलेला, पण वाचलेलं आणि स्वतः मोजलेलं यात फरक पडतो. टिचक्यांमधलं अंतर कृमीच्या आत कुठेतरी नोंदलं जात होतं. सरसकट थकव्याला एवढी अक्कल नसते.

नोंदलं जातं कुठे? उभयलिंगी कृमीत चेतापेशी अवघ्या 302. कोणती कोणाला जोडलेली, याचा नकाशा 1986 मध्येच छापून आला. टिचकी जाणवणाऱ्या पेशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या पुढच्या पेशींना ग्लुटामेट या रसायनामार्फत निरोप देतात. ग्लुटामेट पुड्यांत भरणारं प्रथिन ज्यांच्यात बिघडलंय असे ईएटी-4 उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) कृमी फार लवकर थंडावतात आणि धक्क्यानंतरही पुन्हा दाद देत नाहीत. म्हणून माझा संशय पेशींमधल्या सांध्यांवर, चेतासंधींवर आहे.

चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी अ‍ॅप्लिसिया या सागरी गोगलगायीत हेच पकडलं होतं. तिच्या चेतापेशी सुमारे 20,000, आणि काही तर नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतक्या मोठ्या. पुन्हापुन्हा हलका स्पर्श केला की ती कल्ले आत ओढणं कमी करते, कारण संवेदी पेशी चेतासंधीत रसायनच कमी सोडू लागते. शेपटीला धक्का दिला तर सिरोटोनिन हे रसायन स्रवतं, संवेदी पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि सांधा पुन्हा जोर धरतो. गंमत म्हणजे वासाचा धडा न टिकणाऱ्या 'डन्स' नावाच्या उत्परिवर्ती फळमाशीत बिघडलेलं जनुकही सायक्लिक एएमपी मोडणाऱ्या विकराचंच निघालं. गोगलगाय कुठे, माशी कुठे! कँडेल यांना 2000 सालचं नोबेल मिळालं, त्यात या गोगलगायीचा वाटा मोठा.

संध्याकाळी त्याचा प्रश्न बदलला होता. "मॅडम, यांना हे उद्यापर्यंत लक्षात राहील?"

राहतं, पण त्यासाठी टिचक्यांचे गट करून मध्ये तासतासाची विश्रांती द्यावी लागते. त्या विश्रांतीत कृमींना उष्णतेचा झटका दिला तर दुसऱ्या दिवशीची आठवण पुसली जाते. नवी प्रथिनं बनण्यात अडथळा येतो म्हणून, असं मानतात. त्याला उष्णतेच्या प्रयोगासाठी लगेच इनक्युबेटर हवा होता. मी म्हटलं, मिळेल, पण आधी आजच्या आलेखावर एरर बार, म्हणजे आकड्यांतली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा काढ. साठवाल्यांचे मला जरा जास्तच मोठे वाटतायत.