चेंगदूच्या पीपल्स पार्कात अर्धा दिवस

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदूला जाणारे बहुतेक लोक पांडा बघतात, हॉटपॉट खातात आणि पुढच्या गावाला लागतात. पांडा बघाच, पण सकाळी लवकर उरकून घ्या आणि उरलेला दिवस पीपल्स पार्कसाठी ठेवा, शक्यतो शनिवार-रविवारचा. मेट्रोच्या २ नंबर लाइनवर बागेच्याच नावाचं स्टेशन आहे आणि प्रवेश फुकट आहे.

आत शिरताच आधी कान भरतात. एका कोपऱ्यात स्पीकर लावून साठीच्या बायका रांगेत नाचतायत, चार पावलांवर कुणी माइक हातात घेऊन जुनी गाणी म्हणतंय, आणि दोघांनाही एकमेकांचा त्रास नाही! एक आजोबा बादलीत लांब दांड्याचा ब्रश बुडवून फरशीवर पाण्याने अक्षरं काढत होते. ओळ संपेपर्यंत पहिली अक्षरं उन्हाने वाळून जात होती, तरी प्रत्येक फटकारा सावकाश. आमच्याकडे या वयाची माणसं कट्ट्यावर बसून दुसऱ्यांना नावं ठेवतात. इथे ती स्वतःच मैदानात उतरलेली असतात. याला एक साधं कारणही आहे. चीनमध्ये २०२४ पर्यंत बायका ५० किंवा ५५ व्या वर्षी आणि पुरुष ६० व्या वर्षी निवृत्त होत. २०२५ पासून ही वयं हळूहळू वाढवताहेत, पण सध्या बागेत दिसतात ते बहुतेक जुन्या नियमाचे मानकरी.

मुख्य मुक्काम मात्र हमिंग चहाघरात करा. १९२३ पासूनचं हे ठिकाण तळ्याकाठी आहे. बांबूच्या खुर्च्या, बुटकी टेबलं, वर झाडांची सावली. चहा साधारण २० ते ४० युआन. महाग वाटेल, पण ते खुर्चीचं भाडं समजा. एकदा पैसे दिले की गरम पाणी हवं तितक्या वेळा मिळतं आणि कुणी उठवत नाही. चहा येतो झाकण, पेला आणि बशी अशा तीन भागांत. पानं पेल्यातच असतात. झाकणाने ती मागे सारायची, फट ठेवायची आणि तिथून घोट घ्यायचा. पहिल्यांदा बोटं भाजतात, म्हणून पेला बशीसकट उचला. दूध-साखरेची अपेक्षा नको. जाईच्या वासाचा चहा आपल्या जिभेला लवकर रुचतो. शेजारच्या टेबलांवर पत्ते, माहजोंग आणि सूर्यफुलाच्या बिया. टरफलांचा खच पडतो.

खुर्च्यांमधून कानसाफवाले फिरतात. धातूचा लांब चिमटा वाजवत येतात, त्याच्या नादावरून माणूस दिसण्याआधीच कळतं. मुंबईच्या चौपाटीवरचे कानवाले आठवतील, पण इथे डोक्याला दिवा आणि हातात सळया, पिसं असा सरंजाम असतो. शेवटी चिमटा झणकावून सळईला टेकवतात, ती थरथर थेट मेंदूत गेल्यासारखी वाटते. भाव आधी बोटांवर ठरवून घ्या. कानाचं दुखणं असेल तर नुसतं बघा.

जवळच लग्नांचा कोपरा आहे. आईवडील मुलामुलींचं जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही, असं सगळं कागदावर लिहून लावतात. कागदांवर फोन नंबर असतात, तेव्हा फोटो काढू नका. एका आजींनी मोबाइलवरच्या भाषांतरातून बायकोला विचारलं, मुलगा आहे का? आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न पगाराचा. तिथे आम्ही काढता पाय घेतला.

निघण्यापूर्वी विटांचा उंच स्मारकस्तंभ बघा. १९११ मध्ये सिचुआनमधली रेल्वे छिंग राजघराण्याच्या सरकारने ताब्यात घ्यायचं ठरवलं. तिचे शेअर सामान्य माणसांनी घेतलेले होते. लोक रस्त्यावर आले आणि चेंगदूत गोळीबार झाला. दंगा मोडायला वूहानकडचं सैन्य इकडे हललं, आणि तिथे उठाव करणाऱ्यांना वाट मोकळी झाली. काही महिन्यांत राजेशाही संपली. १९१३ चा हा स्तंभ त्या रेल्वे आंदोलनात मेलेल्यांचा आहे. पायथ्याशी रेल्वेचे रूळ कोरलेत.

आता कामाचं. भारतीयांना व्हिसा आधी काढावाच लागतो, पुढच्या देशाला जाताना वाटेत २४० तास बिनव्हिसा थांबण्याची ट्रान्झिट सवलत आपल्या पासपोर्टला नाही. फोनवरून पैसे द्यायला अलीपे किंवा वीचॅट हे अ‍ॅप घरूनच चालू करून त्याला व्हिसा कंपनीचं कार्ड किंवा मास्टरकार्ड जोडा. गुगलचे नकाशे तिथे भरवशाचे नाहीत, गाओदेचं अ‍ॅप घ्या. स्वच्छतागृहासाठी टिश्यू खिशात हवेतच.

शाकाहाऱ्यांनी बागेतून मेट्रोने वेन्शू मठ गाठावा, मठातच शाकाहारी जेवण मिळतं. इतरत्र 'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी, हे फोनवर चिनीत लिहूनही ठेवा, कारण भाजीत खिमा टाकायला ते मागेपुढे बघत नाहीत. जीभ बधिर करणारं सिचुआनचं मिरं आपल्या तिरफळाच्याच कुळातलं. मालवणी माणसाला ते परकं वाटणार नाही, पण तिरफळ आपण काढून टाकतो आणि इथे ते मूठभर पडतं. नको असेल तर ऑर्डर देतानाच 'बू याओ ह्वाजियाव' म्हणा.